अमरावतीची ट्राम बंद करावी काय?

बातमी आली तो गुरुवार होता. आमच्या भागात त्या दिवशी नळाची पाळी नव्हती, म्हणून मी सकाळी निवांत घराबाहेर पडले होते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत होते. एका मुलाने विरामचिन्हांवरचं दीड पानाचं उत्तर एकही विरामचिन्ह न वापरता लिहिलं होतं. ते मी शेजारच्या मॅडमना एका दमात वाचून दाखवत होते आणि त्या हसत होत्या. तेवढ्यात जब्बारभाईंचा फोन आला. जब्बारभाई सहसा फोन करत नाहीत, व्हॉइस मेसेज पाठवतात.

"वहिनी, तुमी कॉलेजातच हाये ना? तठीच राहा. मी येऊन राहिलो घ्याले."

सुधाकर, माझा नवरा, आदल्या दिवशी अकोल्याला गेला होता. रात्री तिथेच राहून सकाळी परत येताना बडनेऱ्याला उतरला, अमरावतीच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला आणि बसल्या जागीच गेला. स्टेशनवरच्या पोलिसाने त्याचा मोबाइल उघडला. शेवटचा कॉल 'ट्राम कंट्रोल' या नावाचा होता. त्याला वाटलं, कुठलं तरी सरकारी ऑफिस असेल. तो नंबर जब्बारभाईंचा होता.

पोलीस म्हणाला, "साहेब, तुमच्या ऑफिसचा एक माणूस इथं आहे."

जब्बारभाई म्हणाले, "हो. आमचाच हाये."

अमरावतीत ट्राम कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ट्राम होती ती आमच्या समोरच्या खोलीतल्या टेबलावर, ट्रेसिंग पेपरवर. चार माणसांनी नऊ वर्षं दर रविवारी सकाळी बसून, न झालेल्या ट्रामचा पूर्ण इतिहास रचला होता. पहिली लाइन, दुसरी लाइन, डेपो, टाइमटेबल, सगळं. मी त्यांची सेक्रेटरी, कारण माझं अक्षर चांगलं. सुधाकर गेला त्या आठवड्यात एकच विषय शिल्लक होता: ही ट्राम आता बंद करायची की चालू ठेवायची? मतं दोन-दोन झाली होती. अशा वेळी सेक्रेटरीने मत द्यायचं असा नियम होता, आणि ते मी येत्या रविवारी द्यायचं होतं.

पुढचे तेरा दिवस घरात माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण आधी रडायचा, मग एखादा किस्सा सांगायचा आणि जाताना हसू दाबत जायचा. शेजारणींनी जेवणाचे डबे आणले, ते नंतर त्या परत घेऊन गेल्या. किस्से परत न्यायला कुणी आलं नाही. ते घरातच राहिले आहेत. त्यातले काही इथे ठेवते.

*

ट्रामची सुरुवात गावंडेभाऊंमुळे झाली. गावंडेभाऊ अकोल्याचे. तिथे त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी अमरावतीत दिलेली, म्हणून रविवारी इकडे येतात आणि मुलीकडे जायच्या आधी आमच्याकडे पोहे खातात.

एका रविवारी बडनेऱ्याला त्यांचा तासभर मोडला. आल्या आल्या बूट काढतच म्हणाले, "आमचं अकोला मेन लाइनवर हाय. तुमची अमरावती म्हंजे बडनेऱ्याचं शेपूट. नावाले शहर, अन् याले गाडी बदलून या लागते."

सुधाकर शांतपणे म्हणाला, "पूर्वी ट्राम होती ना. बडनेऱ्याहून थेट राजकमल चौकात."

"कवा?"

"कापसाच्या तेजीत."

गावंडेभाऊंनी आधीच येऊन बसलेल्या इंगोले सरांकडे पाहिलं. इंगोले सरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, ते खोटं बोलणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री. सर म्हणाले, "होती." जब्बारभाई बसस्टँडवर टाइमकीपर होते. ते म्हणाले, "माहे आजे तिच्यावर कंडक्टर होते."

गावंडेभाऊंनी तीन आठवडे विश्वास ठेवला. चौथ्या रविवारी म्हणाले, "नकाशा दाखवा."

सुधाकर नकाशांच्या ऑफिसात ट्रेसर होता. म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हापासून तो फक्त हजेरी लावत होता. त्या आठवड्यात त्याने कित्येक वर्षांनी शाईची पेनं धुऊन घेतली. रविवारी टेबलावर बडनेरा ते राजकमल, अशी पहिली लाइन तयार होती. उत्तर दिशेच्या बाणासकट.

गावंडेभाऊंनी चष्मा लावून पाच मिनिटं नकाशा पाहिला. "खोटं हाय," ते म्हणाले. "पन काढलं झकास. या वळनावर डबल लाइन काहून नाई?"

त्या दिवसापासून ते मेंबर झाले. सुधाकरला सगळे चीफ म्हणू लागले.

*

इंगोले सरांचा नियम एकच होता. नकाशात काहीही काढा, पण इतिहासात बसलं पाहिजे. सगळीकडे ट्राम आधी घोड्यांनी ओढली आणि मग विजेवर आली, तेव्हा अमरावतीलाही एकदम वीज मिळणार नाही. गावंडेभाऊ नाराज झाले. त्यांच्या डोक्यात मोटार तयार होती.

जब्बारभाई म्हणाले, "सर, वऱ्हाडात बैल सोडून घोडा कोन जुपते?"

सरांना ते पटलं. जगातली पहिली बैलट्राम मंजूर झाली. गाडीला चार बैल. उद्घाटन श्रावणाच्या शेवटच्या दिवशी ठेवलं. पेरण्या आटोपलेल्या, माणसं मोकळी, बैल मोकळे. मी सुवाच्य अक्षरात निमंत्रणपत्रिका लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली.

भांडी घासायला येणाऱ्या रुखमाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, त्या दिशी पोया हाय."

"मग?"

"मंग काय? पोयाच्या दिशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई. तुमची गाडी वढन कोन? हे चौघं?"

चार शिकलेल्या माणसांच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्यातला एक इतिहासाचा मास्तर, एक टाइमटेबलवाला. उद्घाटन पुढे ढकललं आणि पोळ्याला ट्राम कायम बंद असा ठराव झाला. पुढे यथाकाल वीज आली, बैल गेले, तरी इंगोले सरांनी तो ठराव काढू दिला नाही.

"विजेले कायचा पोया?" गावंडेभाऊंनी विचारलं.

"प्रथा," सर म्हणाले.

गावंडेभाऊ चिडले होते. पण त्या वर्षापासून ते पोळ्याला दुकान बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी दुरुस्तीला आलेल्या सगळ्या मोटारींना हळद लावतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

*

तिसरी लाइन अंबागेटकडे जायची होती. रस्ता अरुंद, वळण अवघड. सुधाकरला अंदाजाने काढणं जमायचं नाही. एका सकाळी तो आणि जब्बारभाई लांब टेप आणि खडू घेऊन गेले आणि दुकानांसमोर खुणा करत निघाले.

चपलांच्या दुकानदाराने विचारलं, "काय मोजून राहिले साहेब?"

सुधाकरला परक्या माणसाशी खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "लाइन जाते इथून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्यावरचा एकूण एक पत्रा, फळी, पायरी, लटकवलेली बादली खडूच्या रेषेच्या आत गेली होती. रस्ता दीडपट झाला होता. सुधाकरला फार अपराधी वाटलं. तो त्या दुकानदाराकडे माफी मागायला गेला आणि सगळं खरं सांगितलं.

दुकानदाराने ऐकून घेतलं. "म्हंजे रस्ता रुंद नाई होऊन राहिला?"

"नाही."

"टराम तरी येते का?"

"नाही."

"मंग पत्रे भाईर काढू का नको, तेवढं सांगा."

सुधाकरने रस्त्याकडे पाहिलं. टोकापर्यंत गेट स्वच्छ दिसत होतं. तो म्हणाला, "आठ दिवस राहू द्या."

*

आमच्याकडे वीज गेली असं कुणी म्हणत नाही. लाइन गेली म्हणतात. हे लक्षात न घेता ही मंडळी उन्हाळ्याच्या रविवारी खिडक्या उघड्या टाकून वाद घालत होती. चौथी लाइन दिवाळीच्या आत चालू झाली पाहिजे. चौथी लाइन आपल्या गल्लीवरून गेली पाहिजे. वगैरे.

सोमवारी समोरच्या काकू दोघींना सोबत घेऊन आल्या. "काय वं, तुमच्याकडे चौथी लाइन येऊन राहिली म्हने. आमच्याकडे एकच हाय, ते बी दुपारी जाते."

मी त्यांना आत नेलं, नकाशा दाखवला, ट्राम म्हणजे काय ते समजावलं. वरून तार जाते, तारेतून वीज येते, विजेवर गाडी चालते. काकूंनी नीट ऐकलं.

"मंग त्या तारेवर पंखा चालते का?"

पुढच्या रविवारी मी हा किस्सा सांगितला. सगळे हसले. गावंडेभाऊ हसले नाहीत. ते विचार करत होते.

"चालते," ते म्हणाले. "पन मानसं पलंगावरून उडतीन."

*

जब्बारभाईंनी पूर्ण नेटवर्कचं टाइमटेबल केलं होतं. ते त्यांना तोंडपाठ होतं. सकाळी पाव घ्यायला राजकमल चौकात गेले की थोडा वेळ उभे राहून घड्याळ बघायचे. एकदा नकळत तोंडातून निघून गेलं, "साडेआठची लेट हाय आज."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "बडनेऱ्याची?"

जब्बारभाई म्हणाले, "हो."

गृहस्थ त्यांच्यासोबत थांबले. पाच मिनिटं गेली, दहा मिनिटं गेली. जब्बारभाईंना आता खरं सांगायची लाज वाटू लागली, आणि त्यांना एकटं सोडून जाताही येईना. शेवटी त्या गृहस्थांनीच पिशवी उचलली.

"जातो बापा ऑटोनं," ते म्हणाले. "तिचं नेहमीचंच हाय."

*

माझं माहेर चांदूर बाजारचं. सुधाकर मला बघायला येणार होता तेव्हा मध्यस्थाने त्याच्या घरी नुसतं 'चांदूर' सांगितलं. मंडळी गाडीत बसली आणि चांदूर रेल्वेला उतरली. पार उलट दिशेला. तिथे विचारलं, राऊतांचं घर कुठलं? लोकांनी दाखवलं. राऊत सगळीकडेच असतात. योगायोगाने त्या घरातही लग्नाची मुलगी होती. त्या लोकांनी पाहुण्यांना बसवलं, चहा-पोहे केले, मुलीला बाहेर बोलावलं. मुलीची शाळा विचारली तेव्हा घोटाळा कळला.

"पोरगी चांगली होती," सुधाकर पुढे कबूल करायचा. "पोहेही चांगले होते."

चार दिवसांनी तो आमच्याकडे आला. तेव्हा माझ्या वडिलांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "रस्ता सापडला ना?"

सहाव्या वर्षी चांदूर बाजारची लांब लाइन मंजूर झाली. सुधाकरने नकाशावर 'चांदूर (बाजार)' असं लिहिलं आणि खाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या. इंगोले सर म्हणाले, "नकाशावर दुसरं चांदूर नाहीच. कंस कशाला?"

सुधाकर म्हणाला, "माझ्याकडून एकदा चूक झाली आहे, सर."

मी ओट्याशी होते. मिनिट्समध्ये मी हे वाक्य घेतलं नाही.

*

यंदा इतिहास बसगाड्यांच्या काळापर्यंत आला. इंगोले सर दोन रविवार काही बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी त्यांनी चहा बाजूला ठेवून सांगितलं की आता ट्राम बंद करावी लागेल. एकेका शहराने रूळ उखडले. मोजक्या ठिकाणी राहिले.

"आपण त्या मोजक्यात कसे येऊ?" ते म्हणाले. "प्रामाणिकपणे सांगा."

सगळ्यांनी जब्बारभाईंकडे पाहिलं. बसवाला माणूस, त्याला आनंद व्हायला हवा होता. जब्बारभाई म्हणाले, "एकतीस वर्सं म्या बशी सोडल्या. मले माहीत हाय बस काय चीज हाय. ट्राम चालू ठेवा."

गावंडेभाऊ म्हणाले, "बंद करा. अकोल्याले मोर्णा नदीवरून एक लाइन मागत होतो, ते देल्ली नाई. मंग तुमाले तरी काहून पायजे?"

"तुमची मेन लाइन आहे ना," सुधाकर म्हणाला. "माझं मत, चालू."

दोन-दोन. मी एक आठवडा मागून घेतला. बंद होणाऱ्या लाइनीवर ट्रेसर फक्त आडव्या बारीक रेघा मारतो, लाइन खोडत नाही, असं सुधाकरने मला पूर्वी सांगितलं होतं. त्या आठवड्यात मात्र त्याने मला काही सांगितलं नाही आणि काही विचारलंही नाही. नकाशा टेबलावर पसरलेलाच होता. मी चहाचे कप त्याच्या कडेला ठेवत होते.

मंगळवारी गावंडेभाऊंचा फोन आला. भंगारात एक पितळी हँडल सापडलं आहे, ट्रामच्या ड्रायव्हरच्या हातात असतं तसंच दिसतं, येऊन पाहून जा. बुधवारी सुधाकर निघाला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "तुला जे वाटेल ते लिही. पण पेन्सिलीनं नको. पेनानं लिही."

मी म्हणाले, "अहो, छत्री न्या." ऊन फार होतं. त्याने नेली नाही.

ते हँडल पिठाच्या गिरणीचं निघालं.

*

तेरवी झाली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता बेल वाजली. तिघेही दारात होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं. मी पोहे केले. सवयीने चार प्लेटा काढल्या, त्यातली एक मी घेतली.

मग इंगोले सर म्हणाले, "मागचे मिनिट्स वाचता का, वहिनी?"

मी वाचलं. ट्राम बंद करावी: इंगोले, गावंडे. चालू ठेवावी: जब्बारभाई, चीफ.

"चीफचं मत नोंदवलेलं आहे," सर म्हणाले. "ते तसंच राहील. माझंही तेच राहील. मला इतिहास बदलता येत नाही."

गावंडेभाऊंनी प्लेट खाली ठेवली. "माहं बदलून लिहा, वहिनी. चालू ठेवा."

"आता काहून?" जब्बारभाईंनी विचारलं. "नऊ वर्सं तं आमच्या नावानं बोटं मोडली."

"त्या दिशी अकोल्याच्या स्टेशनवर मीच बसवून देल्लं त्याले," गावंडेभाऊ म्हणाले. "म्हटलं थांब, जेवून जा. तं म्हने नाई, बडनेऱ्याले लवकर पोचलो तं अमरावतीची जोडगाडी भेटते. अन् तठी पोचला तं गाडीच नाई. बसला बाकावर. बडनेऱ्याहून थेट ट्राम असती तं..."

इंगोले सर खिडकीबाहेर पाहत होते. मी गावंडेभाऊंचं नाव खोडलं आणि दुसऱ्या बाजूला लिहिलं.

"थांबा," जब्बारभाई म्हणाले. "मंग माहं बी बदला. बंद करा."

"तुम्ही?" मी विचारलं.

"त्या दिशीचा फोन म्या उचलला, वहिनी. आता चालू ठेवली तं कंट्रोलवर कोनाले तरी बसाच लागन." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माह्यानं नाई होत."

मी तेही नाव खोडलं आणि तिकडचं इकडे लिहिलं. इंगोले सरांनी वही स्वतःकडे ओढून दोन्ही बाजू मोजल्या. मोजण्यासारखं फार काही नव्हतं, तरी त्यांनी बोट ठेवून मोजलं.

"दोन-दोन," ते म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली.

तिघेही थांबले होते. मी म्हणाले, "पोहे गार होत आहेत." त्यांनी ते निमूटपणे संपवले.

त्यानंतर ते प्रत्येक रविवारी आले आहेत. कुणी विचारत नाही. मी अजून मत दिलेलं नाही.